पर्यावरण राहू दे, बांगडा ताजा आहे का ते सांग!



म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपल्या संस्थेचं टेबल लागतं, तिथली ही गोष्ट. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला आम्ही टेबलामागे एक मोठा फलक लावला होता. हिरवी अक्षरं, निळा समुद्र, एक हसरा मासा आणि खाली ‘पर्यावरणपूरक मासळी – समुद्र वाचवा’. छपाईला बरे पैसे गेले होते, त्यामुळे आम्हाला त्याचं कौतुकही होतं.

एक आजी आल्या. कापडी पिशवी हातात, चष्मा नाकावर. त्यांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग टेबलावर बसलेल्या आमच्या वहिनीकडे बघून म्हणाल्या, “तें पर्यावरण रावूं दी गो बाये, बांगडो ताजो मगो?”

आम्ही सगळे हसलो, आजीही हसल्या. वहिनीने बांगड्याचा गालफडा उघडून लालभडक कल्ला दाखवला, आजींनी बोटाने दाबून बघितलं आणि वाटा घेऊन गेल्या. पण संध्याकाळी टेबल आवरताना तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. आपण समुद्रासाठी जे काही करतो, त्याचं गिऱ्हाइकाला खरंच काही पडलेलं असतं का? की ते फक्त आपल्या मनाचं समाधान?

हा प्रश्न आज लिहायचं कारण आहे. पावसाळी बंदी संपत आली. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर असतात, जाळी विणून होतात, इंजिनं उघडून होतात आणि भांडायलाही भरपूर वेळ मिळतो. येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव येणार आहे: ‘लहान मासळी संस्थेच्या टेबलावर विकायची नाही’ हा आपला नियम ठेवायचा की काढायचा? काही सभासदांचं म्हणणं सरळ आहे. “शेजारचा बोटभर बांगडा विकतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं. आपण साधू बनून काय मिळवलं?” प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर रागाने न देता हिशोबाने द्यायला हवं, म्हणून हा लेख.

नियम कशाला केला होता?

नव्याने जोडले गेलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एकदाही अंडी न घालता जो मासा जाळ्यात आला, त्याची पुढची पिढीही त्याच्याबरोबर संपली. बोटभर बांगड्याचा वाटा आज थोड्या पैशाला जातो. तोच बांगडा काही महिने पाण्यात राहिला तर वजनही वाढतं, भावही वाढतो आणि पाण्यात अंडीही पडतात. जी कोवळी मासळी ताटात जात नाही, ती भुकटीच्या कारखान्यात जाते आणि तिथे तिला किलोवर मिळणारा दर तुम्हाला माहीत आहे.

केरळने २०१५ मध्ये १४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं आणि पुढे ती यादी ५८ जातींपर्यंत नेली. तारलीला १० सेंटिमीटर, बांगड्याला १४. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी मापं ठरवली. हे सरकारांना सुचलं ते उगाच नाही. केरळात २०१२ मध्ये तारली जवळजवळ ३.९ लाख टन उतरली होती, २०२१ मध्ये उतरली फक्त ३,२९७ टन. तारलीच्या चढउतारात समुद्राच्या तापमानाचा आणि पावसाचा मोठा हात असतो, सगळा दोष जाळ्याचा नाही. पण वाईट वर्षांत पिल्लंही काढून घेतली तर साठा सावरायचा कसा?

म्हणून आपण नियम केला. त्याचबरोबर आणखी तीन गोष्टी केल्या: थर्माकोलच्या खोक्यांऐवजी परत येणाऱ्या शीतपेट्या, सुक्या मासळीला प्लॅस्टिकऐवजी कागदी पाकीट, आणि या सगळ्याचा खर्च म्हणून दरात थोडी वाढ. आता प्रत्येकाचं काय झालं ते बघू. जिथे आपण आपटलो तेही सांगतो.

कागदी पाकिटाची फजिती

सगळ्यात वाईट अनुभव कागदी पाकिटाचा. सुकी सुंगटं आणि खारे बांगडे आम्ही जाड कागदाच्या पाकिटांत भरले. दिसायला देखणे, वर सुतळी. मे महिन्यात पुरुमेंताच्या खरेदीला लोकांनी हौसेने नेले. शहरातल्या काही गिऱ्हाइकांनी तर फोटो काढून कौतुक केलं. मग पाऊस लागला. गोव्याच्या जूनमध्ये भिंतीलाही पाणी सुटतं, तिथे कागदाची काय कथा! बेळगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, “भाऊ, तुमच्या बांगड्याला बुरशी आलीय. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.” पाठोपाठ आणखी फोन. आम्ही माल परत घेतला, पैसे दिले, माफी मागितली.

त्यातली काही गिऱ्हाइकं परत आली, काही नाही. एकानेही ‘तुमचा हेतू चांगला होता’ असं म्हटलं नाही आणि म्हणायची गरजही नव्हती. माणूस सुकं नुस्तं घेतो ते पावसात आमटीला चव यावी म्हणून, आमच्या हेतूसाठी नाही. शिवाय हिशोब बघा: एक बांगडा पकडायला डिझेल, मीठ, ऊन, मेहनत सगळं गेलं आणि शेवटी तो उकिरड्यावर. वाचवलेल्या प्लॅस्टिकपेक्षा नासाडी मोठी झाली.

मग आम्ही काचेच्या बरण्या आणल्या. बरणीची अनामत वेगळी घ्यायची आणि बरणी परत दिली की पैसे परत. इथे मात्र गंमत झाली. लोक बरण्या परत आणायला लागले आणि बरणी परत आणणारा माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाही. तो पुन्हा काहीतरी घेतो. काही बायकांनी बरण्या परत दिल्याच नाहीत, लोणच्याला ठेवून घेतल्या. तेही चालेल, अनामत आमच्याकडे आहे.

“हो, देऊ की जास्त पैसे!”

दुसरा धडा दराचा. दर वाढवायच्या आधी आम्ही टेबलावर येणाऱ्यांना विचारलं होतं, समुद्राची काळजी घेऊन पकडलेल्या मासळीला थोडे जास्त पैसे द्याल का? जवळजवळ प्रत्येकजण म्हणाला, “हो, का नाही?” दर वाढवले तेव्हा त्यातलीच बरीच मंडळी दुसऱ्या टेबलावर घासाघीस करताना दिसली.

त्यांना खोटारडे म्हणू नका. समोर कोळीण बसलीय, ती समुद्राबद्दल विचारतेय, तिला ‘नाही’ कोण म्हणणार? पण घरी पाच माणसांच्या शितकडीचा महिन्याचा हिशोब असतो. तोंडाने दिलेलं उत्तर एक आणि पाकिटातून निघालेलं उत्तर दुसरं. हे जगात सगळीकडे दिसतं. ग्राहकांचा अभ्यास करणारे लोक बोलणं आणि वागणं यातल्या या दरीबद्दल वर्षानुवर्षं लिहीत आहेत.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एका दुकान-साखळीत यावर फार छान प्रयोग झाला. मासळीच्या काउंटरवर सिग्नलसारखे रंग लावले. साठ्याची आणि पकडण्याच्या पद्धतीची चिंता नाही तिथे हिरवा, थोडी चिंता आहे तिथे पिवळा, टाळलेलीच बरी तिथे लाल. आपल्याला वाटेल, हिरव्याची विक्री वाढली असणार आणि लालची पडली असणार. अभ्यासात निघालं भलतंच. हिरव्यात आणि लालमध्ये ठळक फरक पडलाच नाही. पिवळ्याची विक्री घसरली आणि मासळीची एकूण विक्रीच सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाली.

याचा अर्थ आम्ही असा लावतो. ज्याला लाल मासा आवडतो तो रंग बघून बदलत नाही, त्याला तो हवाच असतो. पिवळ्यावर मात्र माणूस अडखळतो. धड चांगलं नाही, धड वाईट नाही, मग आज कोंबडीच नेऊ. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात शंका घालून त्याला तसंच सोडलं तर तो चांगल्या मासळीकडे वळेलच असं नाही, तो मासळीपासूनच दूर जाऊ शकतो. आपला तो मोठा फलक कदाचित हेच करत होता. ‘समुद्र वाचवा’ वाचून माणसाला वाटायचं, म्हणजे मासे खाणं हाच गुन्हा की काय?

उलटं उदाहरणही आहे. लंडनच्या सुपरमार्केटांतल्या गोठवलेल्या पोलॉक माशाच्या किमतींचा अभ्यास झाला. ‘मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल’चा निळा शिक्का असलेल्या पाकिटाला बिनशिक्क्याच्या पाकिटापेक्षा सुमारे १४ टक्के जास्त भाव मिळत होता. म्हणजे जास्त पैसे देणारे ग्राहक आहेत. पण तो भाव दुकानातल्या फळीवरचा आहे, बोटीवरच्या माणसाच्या हातात त्यातलं किती येतं हा वेगळा प्रश्न. शिवाय असा शिक्का मिळवायला तपासणी, कागदपत्रं, सल्लागार, दरवर्षीची फेरतपासणी हे सगळं लागतं. आपल्यासारख्या लहान संस्थेला तो खर्च एकटीने झेपणारा नाही.

गिऱ्हाईक कशाने हलतं? २०१८ आठवा

मग गिऱ्हाइकाला काहीच पडलेलं नसतं का? तसंही नाही. जुलै २०१८ आठवा. बंदीचे दिवस होते, त्यामुळे बाजारातली बरीचशी मासळी बाहेरच्या राज्यांतून येत होती. मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी फुटली. तपासण्या झाल्या, उलटसुलट निवेदनं आली, सरकारने काही काळ बाहेरच्या मासळीला बंदी घातली. प्रेत टिकवायला वापरतात ते औषध आपल्या कडीत? गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे नुस्त्याशिवाय जेवण घशाखाली उतरत नाही, तिथे माणसांनी मासळीकडे पाठ फिरवली.

त्या दिवसांत लोकांनी जे प्रश्न विचारले ते आठवून बघा. हे कुठलं? कुणी पकडलं? कधी उतरलं? बर्फ कुणाचा? तोपर्यंत फार थोडी माणसं हे विचारायची. ज्या कोळणींची गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्यांची होती, त्यांच्याकडे लोक परत आले, कारण त्या तोंडावर सांगू शकत होत्या की ही मासळी आमच्या खाडीतली आहे, आज पहाटेची आहे, माझ्या दीराने आणलीय.

आता नीट बघा. समुद्राची काळजी घेणाऱ्या माणसाला नेमके हेच प्रश्न विचारावे लागतात. कुठे पकडली, कशाने पकडली, कधी पकडली? गिऱ्हाईक हेच प्रश्न आपल्या पोटाच्या काळजीने विचारतं. प्रश्न एकच, वाट वेगळी. म्हणजे त्या आजी पर्यावरणाच्या विरोधात नव्हत्याच. त्या आम्हाला सांगत होत्या, माझ्या दारातून आत ये, मग तुझी गोष्ट सांग.

आम्ही तो फलक उतरवला. त्याच्या जागी एक काळी पाटी ठेवली आणि रोज खडूने लिहायला लागलो: कुठली मासळी, कुठल्या होडीची, पहाटे किती वाजता उतरली, कुठल्या जाळ्यात मिळाली. खाली एक ओळ: ‘आज मोठी इसवण नाही. मिळाली नाही.’ बस्स. ‘हिरवं’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ यांतला एकही शब्द नाही.

लोक थांबून पाटी वाचायला लागले. “ही होडी कुणाची? त्या वळणावरच्या घरातल्यांची का?” असं विचारायला लागले. मग त्या गप्पांतून आपोआप लहान बांगड्याचा विषय निघायचा. “आज वाटा लहान का?” “मावशी, लहान बांगडे आम्ही विकत नाही. तुम्ही ऑक्टोबरात या, हेच बांगडे हातभर झालेले असतील.” मावशी हातभरावर विश्वास ठेवायची नाही, पण हसायची आणि परत यायची.

दूरच्या एका गावाची गोष्ट

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मेन राज्यात पोर्ट क्लाइड नावाचं छोटं मासेमारी बंदर आहे. तिथल्या मच्छीमारांचीही आपलीच रड होती: साठे कमी, कोटे कडक, भाव व्यापाऱ्याच्या हातात. २००७ मध्ये त्यांनी एक वेगळी वाट धरली. शेतकऱ्यांकडून हंगामाची भाजी आगाऊ पैसे देऊन घेण्याची पद्धत तिकडे होतीच, तीच त्यांनी मासळीला लावली. जवळच्या गावातल्या एका चर्चच्या मंडळींनी थंडीच्या हंगामातल्या कोळंबीचे पैसे आधी भरले आणि हंगामभर आपला वाटा नेला. पुढे कोळंबीबरोबर इतर मासेही आले.

या मच्छीमारांनी जाळ्यांचे आस मोठे केले, म्हणजे लहान मासे निसटून जावेत. गिऱ्हाइकाने त्याचे वेगळे पैसे दिले असं म्हणता येणार नाही. त्याने दिली ती खात्री. पैसे आधी हातात असले की वाईट दिवशी चुकीचा मासा आणायची सक्ती राहत नाही. आणि गिऱ्हाइकाला काय मिळालं? ताजी मासळी आणि ती आणणाऱ्याची ओळख. २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरातही अशीच योजना निघाली. लोक अनोळखी मासे घ्यायला लागले, अख्खा मासा साफ करायला शिकले. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही, आपल्या आया हे जन्मतःच शिकून येतात!

पण गोष्टीचा शेवटही सांगायला हवा. ज्या कोळंबीने सुरुवात झाली, तिचा मेनच्या आखातातला साठा समुद्र तापत गेल्यामुळे पार घसरला आणि २०१४ पासून तिची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली. चांगलं गिऱ्हाईक सगळं वाचवू शकत नाही. पण ज्या होड्यांकडे आपली म्हणणारी गिऱ्हाइकं होती, त्यांना दुसरा मासा विकायला ओळखीचं दार होतं.

आणि जवळचं एक उदाहरण

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. तिथे आपल्या तिसऱ्यांच्याच जातीची शिंपली मिळते. १९८१ पासून तिची व्यापारी काढणी सुरू झाली, माल व्हिएतनाम, थायलंड, मलेशियाकडे जायचा. १९९१ मध्ये उत्पादन १०,००० टनांवर गेलं आणि १९९३ पर्यंत अर्ध्यावर आलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी हे प्रजननाचे महिने काढणी बंद, जाळ्याचा आस किमान ३० मिलिमीटर, आणि निर्यातीच्या मांसाचे नग किलोला १,४०० पेक्षा जास्त नकोत, म्हणजे फार बारीक शिंपली नको, असे नियम आले. उत्पादन सावरलं. सुमारे ३,००० माणसांचं पोट त्यावर चालायचं. २०१४ मध्ये तिला तोच निळा शिक्का मिळाला, असा मान मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी.

क्रम लक्षात घ्या. नियम आधी आले, शिक्का वीसेक वर्षांनी आला. त्या लोकांनी लहान शिंपली सोडली ती परदेशातलं गिऱ्हाईक टाळ्या वाजवेल म्हणून नाही, तर उत्पादन अर्ध्यावर आलं आणि चूल थंडावायला लागली म्हणून. गिऱ्हाईक मागून आलं. आपल्या सभेत हीच गोष्ट आम्हाला मांडायची आहे. लहान मासळी न विकण्याचा नियम गिऱ्हाइकाच्या शाबासकीवर उभा असेल तर तो पहिल्या मंदीत पडेल. तो आपल्या पुढच्या वर्षाच्या जाळ्यासाठी आहे. गिऱ्हाइकाची साथ मिळाली तर तो टिकवणं सोपं जाईल, एवढंच.

लहान असण्याचा फायदा आणि धोका

आपल्यासारख्या लहान धंद्याकडे एक गोष्ट आहे जी मोठ्या कंपनीला जाहिरातीवर कोटी खर्चूनही मिळत नाही: गिऱ्हाईक आपल्याला तोंडाने ओळखतं. मोठ्या कंपनीने हिरवं पान छापलं की लोक म्हणतात, ‘जाहिरात असेल.’ वहिनीने सांगितलं की लोक मानतात.

पण हाच धोकाही आहे. मोठ्या कंपनीचं खोटं उघडं पडलं तर ती नवं नाव घेऊन येते. आपण कुठे जाणार? एकदा जरी टेबलावरच्या ‘आज पहाटेच्या’ मासळीत बर्फातली चार दिवसांची निघाली, तर ती बातमी आपण घरी पोचायच्या आत गावात पोचलेली असेल. म्हणून पाटीवर खोटं लिहायचं नाही. मासळी बाहेरून आणली असेल तर ‘बाहेरून आणली’ असंच लिहायचं.

आता कायदाही त्याच बाजूला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द नुसते वापरून चालणार नाहीत, काय केलं ते स्पष्ट सांगायला हवं आणि पुरावा दाखवता यायला हवा. आपला तो जुना फलक या कसोटीला उतरला नसता. काळी पाटी उतरते, कारण तिच्यावर लिहिलेली प्रत्येक गोष्ट धक्क्यावर येऊन विचारता येते.

मग ठरावाचं काय?

सभेपुढे आम्ही हे मांडणार आहोत:

१. लहान मासळीचा नियम ठेवावा. पण त्याचा तोटा एकट्या होडीवाल्याने सोसू नये. ज्या दिवशी नियमामुळे कुणाचा माल कमी पडला, त्या दिवसासाठी बरणीच्या विक्रीतून एक छोटा निधी ठेवावा.

२. ‘पर्यावरणासाठी’ म्हणून दर वाढवू नये. ताजेपणा, साफसफाई, घरपोच यासाठी जे पैसे मिळतात ते घ्यावेत. लोक त्याला देतात, मनापासून देतात.

३. पोर्ट क्लाइडसारखी आगाऊ वाट्याची योजना छोट्या प्रमाणात करून बघावी. गोव्यातली आणि बेळगावची काही जुनी गिऱ्हाइकं तयार आहेत. त्यांना आठवड्याला जे मिळेल ते, इसवणच हवी असा हट्ट नाही.

४. काळी पाटी प्रत्येक विक्रीच्या ठिकाणी. फलक कुठेच नाही.

जे सभासद नियम काढा म्हणतात, त्यांचं म्हणणंही सभेत पूर्ण ऐकलं जाईल. त्यांच्या घरातही मुलांच्या फिया भरायच्या आहेत. शेजारचा लहान मासळी विकतो हे खरं आहे. तो थांबत नाही तोपर्यंत आपण सोडलेले बांगडे त्याच्या जाळ्यात जाऊ शकतात, हेही खरं आहे. यावर उपाय म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या बाकीच्या संस्थांशीही बोलणी सुरू करायला हवीत. एकट्याचा नियम पोकळ असतो, दहा धक्क्यांचा नियम समुद्राला कळतो.

आणि गिऱ्हाईक मंडळींना विनंती

हे पेज आमची गिऱ्हाइकंही वाचतात, म्हणून तुमच्यासाठी चार ओळी. आम्हाला तुमच्याकडून दान नको, शाबासकीही नको. फक्त विचारा. कुठली, कशाने पकडलेली, कधी उतरलेली, हे प्रत्येक टेबलावर विचारा, आमच्याही आणि शेजारच्याही. बोटभर बांगडा स्वस्त दिसला तर एकदा विचार करा. पापलेट-इसवण मिळाली नाही म्हणून परत जाऊ नका, लेपो आहे, मांदेली आहे, तारली आहे, कडी तीही छान करतात. बरणी परत आणा. आणि आमचं काही चुकलं तर तोंडावर सांगा, जसं बेळगावच्या त्या भाऊंनी सांगितलं. त्यांनी फोन केला म्हणून आम्ही सुधारलो. जे न बोलता निघून गेले त्यांच्याकडून आम्हाला काही शिकता आलं नाही.

त्या आजी अजून येतात. पाटी वाचत नाहीत, चष्मा घरी विसरतात. वहिनीला म्हणतात, “तू वाच.” वहिनी वाचते: बांगडा, अमक्याची होडी, पहाटे साडेपाच. आजी कल्ला उघडून बघतात आणि मगच पिशवी पुढे करतात. तसंच असायला हवं.

सर्वसाधारण सभेला सगळ्या सभासदांनी यावं. घरातल्या बायकांनीही यावं, टेबलावर त्याच बसतात, गिऱ्हाइकाचं मन त्यांनाच जास्त कळतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देताना आपण ज्याची प्रार्थना करतो, त्याच्यासाठी हात वर करायचा की नाही, हे सभेत आपण सगळे मिळून ठरवू.

सगळ्यांना येत्या हंगामाच्या शुभेच्छा. होड्या सुखरूप जावोत, सुखरूप येवोत.